काढून टाकू की काढून ठेवू?

पट्टीकाकांनी डिस्क काढायला घेतली तेव्हा सकाळचा चहा व्हायचा होता, आणि चहा होईपर्यंत डिस्क निघालेली असेल असा त्यांचा अंदाज होता. अंदाजाबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. हयातभर त्यांनी इमारतींचे नकाशे काढले होते आणि इमारत केव्हा पुरी होईल याचा अंदाजही तेच द्यायचे. त्यातली एकही इमारत त्यांच्या अंदाजाप्रमाणे पुरी झाली नाही. पण एकही पडली नाही, आणि निवृत्त माणसाला तेवढं समाधान पुरतं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटी पट्टी ठेवायची त्यांची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती, म्हणून सगळी इमारत त्यांना पट्टीकाका म्हणायची. ते रागावत नसत. मोजमापाला रागावून काही उपयोग नसतो.

डिस्क काढायची वेळ आली ती काकूंमुळे. म्हणजे तसं पट्टीकाकांचं म्हणणं. काकू अंध वाचकांच्या एका ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असत. आतल्या खोलीत दार लावून बसायच्या, पंखा बंद, खिडकी बंद, नवरा बाहेर. सध्या एक चांगली जाडजूड कादंबरी चालू होती आणि तिचं फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. काल संध्याकाळी काकू ते वाचायला बसल्या आणि कॉम्प्युटरने पडद्यावर पाटी लावली, ‘जागा शिल्लक नाही.’

एरवी कुणी म्हणालं असतं, बघू पुढच्या आठवड्यात. पण या कादंबरीला एक श्रोता होता आणि तो थांबणाऱ्यातला नव्हता. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई. दृष्टी जाऊन बरीच वर्षं झालेली, कान मात्र शाबूत, आणि जीभ कानांहून शाबूत. आत्तापर्यंतचे भाग त्यांनी ऐकून संपवले होते. उद्या सकाळी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. काल त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी काकूंना स्पष्टच सांगितलं होतं.

“हे बघा बाई, नायिका जिन्यात उभी आहे. ती वर जाते की खाली येते हे कळल्याशिवाय मी कुणाला भूल देऊ देणार नाही.”

काकू हसल्या होत्या. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या फोनशेजारीच उभ्या होत्या, आणि ते पट्टीकाकांनी पाहिलं होतं.

तेव्हा जागा करणं आलं. जागा कोणी अडवली आहे याबद्दल पट्टीकाकांच्या मनात शंका नव्हती. अडवली होती पाहुण्याने.

हा पाहुणा म्हणजे काय ते सांगायला हवं. पट्टीकाकांचा नकाशे काढायचा प्रोग्राम जुना होता, आणि नव्या कॉम्प्युटरने त्याला साधी ओळख दाखवायलाही नकार दिला. तेव्हा त्यांच्या पुतण्याने, दूरच्या नोकरीवर जाण्याआधी, एक युक्ती करून दिली. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात त्याने एक जुना कॉम्प्युटर बसवला. खरा नव्हे, आभासी. त्याचा पडदा वेगळा, डिस्क वेगळी, स्वभाव वेगळा. बाहेरच्याला म्हणायचं यजमान आणि आतल्याला पाहुणा. हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर पुतण्याने मुद्दाम मराठीत करून दिलं होतं, म्हणजे काकांना अडचण येणार नाही. मराठीत असल्यामुळे अडचण काय आहे ते पुढे नीट समजत गेलं, एवढा त्याचा फायदा झाला.

या पाहुण्याच्या घरी पट्टीकाका रोज दुपारी जात आणि घरं काढत. न बांधायची घरं. गिऱ्हाईक नाही, प्लॉट नाही, मंजुरी नाही, त्यामुळे एकही खिडकी कुणाच्या सांगण्यावरून हलवावी लागत नसे. प्रत्येक घराची ते नवी प्रत ठेवत. ‘टेकडीवरचं घर’, मग ‘टेकडीवरचं घर सुधारित’, मग ‘अंतिम’, मग ‘खरोखर अंतिम’, आणि जिना आवडला नाही म्हणून पुन्हा ‘सुधारित’.

“पाहुण्याची डिस्क काढून टाकतो,” त्यांनी काकूंना सांगितलं. “भरपूर जागा होईल.”

“तुमची घरं जातील ना त्यात?”

“जाऊ देत.”

हे ‘जाऊ देत’ त्यांनी अशा आवाजात म्हटलं होतं की समोरच्या माणसाने निदान दोनदा तरी ‘नको हो’ म्हणावं. काकू म्हणाल्या, “बरं,” आणि कपाट आवरायला निघून गेल्या. त्यांनी आज हिवाळी कपडे बाहेर काढले होते. त्याग करणाऱ्या माणसाकडे बघायला घरात कुणी नसेल तर त्यागातली निम्मी गंमत जाते. पट्टीकाकांनी उरलेल्या निम्म्यावर भागवायचं ठरवलं आणि कॉम्प्युटर उघडला.

त्यांनी ‘काढा’ हे बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं:

‘सदर आभासी डिस्क काढता येत नाही. ती एका यंत्रास जोडलेली आहे.’

पट्टीकाकांना हे पटलं. जोडलेली गोष्ट आधी सोडवावी लागते. त्यांनी ‘जोडणी सोडवा’ हे बटण शोधलं. ते दिसत होतं, पण फिकट होतं आणि दबत नव्हतं. ते का दबत नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत खिडकी दिसते पण माणूस दिसत नाही, तसा तो प्रकार होता. त्यांनी चहा घेतला. चहानंतरही बटण फिकटच होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब वर्तमानपत्र परत करायला आले. वकिली सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण वकिलीने त्यांना सोडलं नव्हतं. पडद्यावरची पाटी त्यांनी चष्मा वर करून वाचली, मग खाली करून वाचली.

“ताबा,” ते म्हणाले.

“काय?”

“प्रश्न ताब्याचा आहे. तुम्ही म्हणता डिस्क तुमची. यंत्र म्हणतं माझ्याकडे आहे. आता काढायचं तर आधी नोटीस द्यावी लागेल.”

“कॉम्प्युटरला नोटीस?”

“कंपनीला फोन करा. तोंडी का होईना, नोटीसच ती.”

पट्टीकाकांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आधी एका रेकॉर्डमधल्या बाईने त्यांना बरेच आकडे दाबायला लावले. मग संगीत लागलं. मग पुन्हा तीच बाई म्हणाली की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. वकीलसाहेब म्हणाले, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. शेवटी एक खरी बाई आली.

“नमस्कार सर. अडचण यजमानाची आहे की पाहुण्याची?”

“मी यजमान,” पट्टीकाका म्हणाले. “म्हणजे घरचा. अडचण पाहुण्याची आहे.”

“पाहुणा काय करतोय सध्या?”

पट्टीकाकांनी पडद्याकडे बघितलं. पाहुण्याच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं. “निद्रिस्त.”

“मग बरोबर आहे सर. पाहुणा झोपलेला असताना त्याची डिस्क सोडवता येत नाही. त्याला उठवा, रीतसर बंद करा, मग सोडवा.”

“आणि नाही उठवलं तर?”

“मग निद्रावस्था रद्द करावी लागेल. पण ते तुमच्या जबाबदारीवर. मी तुमची तक्रार पाहुणे विभागाकडे पाठवून ठेवते.”

“ती कधी बघतील?”

“तसं काही सांगता येत नाही सर. ते यजमान विभागाकडे परत पाठवतात बहुतेक वेळा.”

आतून कपड्यांची घडी घालत काकूंनी विचारलं, “कोण पाहुणे आलेत हो?”

“कुणी नाही,” पट्टीकाका म्हणाले. “घालवतोय.”

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्याला रंग देणं चालू होतं, म्हणून आज ते घरी होते आणि घरी त्यांना कुणी तोंड उघडून दाखवत नव्हतं. वकीलसाहेबांचा आवाज ऐकून ते आले होते. उठवायचं की झोपेत काढायचं, हा प्रश्न ऐकताच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

“काका, झोपेतच काढा. जागा असला की आडेवेढे घेतो, हात धरतो. झोपेत असला की काही कळत नाही.”

“दुखत नाही?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“नंतर दुखतं. पण तेव्हा तो घरी गेलेला असतो.”

पट्टीकाकांनी निद्रावस्था रद्द केली. बटणाचा फिकटपणा गेला. जोडणी सुटली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि वकीलसाहेबांनी मान हलवली, म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागला. पट्टीकाकांनी पुन्हा ‘काढा’ दाबलं.

‘सदर डिस्कला एक अपत्य आहे. अपत्य असताना पालक काढता येत नाही.’

डॉक्टरांनी उगाचच स्वतःच्या दाढेवरून जीभ फिरवली.

“अपत्य,” पट्टीकाका म्हणाले. “माझ्या परस्पर?”

वकीलसाहेब मात्र खुर्ची ओढून बसले. इतका वेळ ते उभे होते. “आता प्रकरणात दम आहे,” ते म्हणाले. “अपत्य कधीचं आहे ते बघा.”

खाली लिहिलेलं सापडलं. पुतण्याने जाण्यापूर्वी पाहुण्याचं एक क्षणचित्र, म्हणजे त्या क्षणी तो जसा होता तशी नोंद, घेऊन ठेवलं होतं आणि त्या चित्राला नाव दिलं होतं, ‘सगळं नीट चालू आहे’. त्या दिवसानंतर पाहुण्याच्या घरात जे जे घडलं ते सगळं त्या अपत्यात जात होतं. जुनी डिस्क होती तशीच राहत होती आणि पोर वाढत होतं.

“म्हणजे पालकाने काहीच केलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“पालक तेच करतात,” वकीलसाहेब म्हणाले. “आता बघा, मार्ग साधा आहे. अपत्य असताना पालकाला हलवता येत नाही. तर आधी अपत्याचा बंदोबस्त. पाहुण्याला त्या चित्रातल्या दिवसावर परत न्या. त्यानंतरचं काही घडलंच नाही असं एकदा ठरलं की अपत्य उरत नाही.”

“कायद्यात बसतं हे?”

“कायद्यात बसत नाही. पण कॉम्प्युटर परवानगी देतोय ना?”

पट्टीकाकांनी ‘सगळं नीट चालू आहे’ या दिवसाकडे परत जायचं बटण दाबलं. आपली टेकडीवरची घरं, समुद्राकडे तोंड केलेली घरं, कोपऱ्यावरचं ते गोल जिन्याचं घर, सगळं त्या अपत्यात आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एक लांब श्वास घेतला. श्वास कुणाच्या लक्षात आला नाही. कॉम्प्युटरने शेवटचा प्रश्न विचारला:

‘या दिवसानंतरचे सर्व काढून टाकायचे की काढून ठेवायचे?’

खाली दोन बटणं. ‘टाका’. ‘ठेवा’.

आता इथे दुसरा कुणी असता तर एक दाबून मोकळा झाला असता. पण पट्टीकाका संसारी माणूस. घरातली कुठलीही वस्तू टाकायची की ठेवायची हा प्रश्न त्या घरात त्यांनी एकट्याने कधीही सोडवला नव्हता. शिवाय निम्मा त्याग अजून शिल्लक होता. त्यांनी मान वळवून आत हाक मारली.

“अगं, काढून टाकू की काढून ठेवू?”

“टाका की,” आतून आवाज आला. “कशाला ठेवायचं ते? कोपरं फाटलीत. नवं आणलंय तरी जुनंच घालता.”

“कोपरं कुठली?” डॉक्टर पुटपुटले.

“ती म्हणते टाका,” पट्टीकाका म्हणाले. त्यांचं बोट ‘टाका’वर गेलं.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. त्यांच्या हाताला तशी सवयच होती, पण आज त्यात वेगळी निकड होती.

“काका, थांबा. माझा एक नियम आहे. पेशंट कितीही म्हणू दे काढा, आरसा धरून कुठला दात ते दाखवल्याशिवाय मी काढत नाही. एकदा शेजारचा निघाला होता.”

“मग?”

“मग काही नाही. दोन्ही काढावे लागले. काकूंना बोलवा. दाखवा, आणि मग काढा.”

काकू आल्या. हातात पट्टीकाकांचा कोपराला फाटलेला स्वेटर होता, त्यामुळे कोपराचा उलगडा झाला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग जवळ येऊन पाहिलं.

“हा कुणाचा कॉम्प्युटर आणलात?”

“आपलाच आहे.”

“आपला नाही हा. आपल्या पडद्यावर मागे हिरवी टेकडी आहे. डावीकडे माइकचं चित्र आहे. हे निळं निळं काय आहे?”

पट्टीकाकांनी पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. मग पुन्हा पडद्याकडे. पाहुणा उघडला की सगळा पडदा व्यापतो, हे त्यांना माहीत होतं. दुपारी आपण तो तसाच उघडा ठेवून उठतो, हेही. संध्याकाळी काकू झाकण उघडून त्याच्यासमोर बसतात, हेही. हे तिन्ही त्यांनी आजवर एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

“तू वाचतेस ते कुठं ठेवतेस?”

“टेकडीवर. जिथं तुमची घरं आहेत त्याच्या बाजूला.”

यजमान असा काही असतो हे काकूंना माहीतच नव्हतं. त्यांच्या लेखी पाहुणा हाच कॉम्प्युटर होता. अख्खी कादंबरी, जिन्यात उभ्या असलेल्या नायिकेसकट, त्या अपत्यात होती.

पट्टीकाकांचं बोट अजून हवेत होतं. ते त्यांनी सावकाश मागे घेतलं आणि खिशातल्या पट्टीवर ठेवलं. वकीलसाहेब खुर्ची मागे सरकवून उठले. मग म्हणाले, “माझा सल्ला तोंडी होता. तो नोंदीवर नाही.”

“ठेवा,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं पट्टीकाकांना वाटलं.

‘ठेवा’ दाबलं गेलं. पाहुण्याला डिस्क परत जोडली, त्याला उठवलं. हिरवी टेकडी आली. तिच्यावर काकूंची प्रकरणं ओळीने उभी होती, एकही गहाळ नव्हतं. काकूंनी एक उघडून थोडंसं ऐकलं आणि मग खुर्चीत बसल्या.

“पण मग जागेचं काय?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांनी एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, “काका, बाहेरचा कॉम्प्युटर तर अर्धा रिकामा आहे. ‘जागा नाही’ ही पाटी बाहेरच्याची नव्हती. आतल्याची होती. आतच गच्च भरलंय.”

“कशानं?”

डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. ‘टेकडीवरचं घर अंतिम.’ ‘टेकडीवरचं घर खरोखर अंतिम.’ ‘टेकडीवरचं घर खरोखर अंतिम सुधारित.’ बोट खाली खाली जात राहिलं. जागा मोजण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाने घरातली हीच एक जागा मोजली नव्हती. सकाळपासून ज्या पाहुण्याला घालवायचं चाललं होतं त्याच्याकडेच पट्टीकाका स्वतः मुक्काम ठोकून बसले होते.

नेमका तेव्हा फोन वाजला. ऑपरेटरबाई.

“झालं का? हॉस्पिटलवाले म्हणताहेत आवरून बसा, गाडी येते.”

काकूंनी झालं ते सांगितलं. सगळं नाही सांगितलं. नवऱ्याचं नाव त्यांनी मधून काढून टाकलं. पट्टीकाकांच्या ते ध्यानात आलं.

“म्हणजे शेवटचं प्रकरण नाहीच,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. मग थांबल्या. फोनवर त्यांचं थांबणं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“मी उद्या सकाळी लवकर...” काकू म्हणू लागल्या.

“अहो, पुस्तक आहे ना हाताशी? मग वाचा की. आत्ता, फोनवर. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बोलणी फोनवर ऐकली. तेव्हा नियमात बसत नव्हतं, आज बसतंय.”

सकाळपासून हे कुणालाही सुचलं नव्हतं. एक वकील, एक डॉक्टर आणि एक नकाशेवाले यांनी मिळून एका आभासी पोराच्या बंदोबस्ताचा विचार केला होता, पण पुस्तक उघडून वाचावं हे तिघांच्याही मनात आलं नाही.

काकूंनी पुस्तक आणलं. फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. सवयीने त्यांनी पंखा बंद केला, खिडकी बंद केली, आणि नवऱ्याकडे पाहिलं. पट्टीकाका उठले.

“बसा,” काकू म्हणाल्या. “रेकॉर्डिंग नाही आज.”

त्या वाचू लागल्या. पट्टीकाकांनी बायकोचा आवाज इतकी वर्षं ऐकला होता, पण तो हिशेबातला, हाका मारतानाचा, कपाट आवरतानाचा. बंद दाराआड ती हे करते हे त्यांना माहीत नव्हतं. नायिका जिन्यातच उभी होती. काकू तिला घाई करत नव्हत्या. वकीलसाहेबांनी चष्मा काढून हातात धरला. डॉक्टरांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि आतले दोन दात भरलेले दिसत होते. फोनमधून श्वासाशिवाय काही येत नव्हतं. नायिका शेवटी खाली आली, दाराबाहेर गेली आणि कादंबरी संपली.

काकूंनी पुस्तक मिटलं. “ऐकू आलं ना सगळं?”

“आलं,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “शेवट काही खास नाही हो. एवढी जिन्यात उभी राहिली आणि सरळ निघून गेली. पण वाचलंत चांगलं.” पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. “आले, आले. हे बघा बाई, दुसरं एखादं सुरू करून ठेवा. शुद्धीवर आल्यावर काहीतरी अर्धवट असलं पाहिजे. सगळं संपवून जायला मला आवडत नाही.”

फोन बंद झाला. वकीलसाहेब पाय न वाजवता जिना चढले आणि डॉक्टर तसेच उतरले.

काकूंनी पंखा लावला आणि पुन्हा कपड्यांकडे गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तर पट्टीकाका टेकडीसमोर बसले होते. लांब श्वास वगैरे काही नव्हतं.

“काय करताय?”

“घरं काढतोय.”

“नवी काढताय, की जुनी काढताय?”

“जुनी. तुझं पुढचं पुस्तक केवढं आहे?”

“जाड आहे.” काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “सगळी नका काढू. एखादं ठेवा तुम्हाला.”

“कुठलं ठेवू?”

काकूंनी थोडा विचार केला. “ज्यात मला वाचायला खोली असेल ते.”

पट्टीकाकांनी एकेक घर उघडलं. टेकडीवरचं पाहिलं, समुद्राकडचं पाहिलं, गोल जिन्याचं पाहिलं. अंतिम पाहिली, खरोखर अंतिम पाहिली. उजेड भरपूर होता, वारा होता, गाडीला जागा होती, झाडाला सुद्धा होती. दोघंही बघत राहिली, पण वाचायला खोली एकातही नव्हती. निवड त्यामुळे सोपी गेली. शेवटचं घर गेलं तेव्हा टेकडीवर काकूंची प्रकरणं तेवढी उरली आणि भोवती मोकळी जागा.

“नव्हतंच का हो?” काकूंनी विचारलं.

“आहे,” पट्टीकाका म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद उघडला. “ते काढायचं राहिलंय.”

या वेळी कुठल्या अर्थाने, ते काकूंनी विचारलं नाही.